नवा स्विच आला आणि लॅब आणखी बिघडली: एका शाळेच्या नेटवर्कचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही माध्यमिक शाळा. जुनी इमारत दगडी आहे आणि तिच्या पहिल्या मजल्यावर लांबट हॉलमध्ये संगणक कक्ष आहे. मैदानापलीकडे नवी इमारत, तिथे ऑफिस आणि ग्रंथालय. विद्यार्थ्यांचे २४ संगणक, सहा-सहाच्या चार ओळी, आणि पुढे सरांच्या टेबलावर एक. इंटरनेटची लाइन ऑफिसात येते आणि तिथून मैदान ओलांडून लॅबमध्ये जाते.

संगणकाच्या सरांचा फोन आला जूनच्या शेवटी. ते म्हणाले, "आधी हळू चालायचं, पण चालायचं. सुट्टीत नवा गिगाबिट स्विच बसवून घेतला आणि मागच्या दोन ओळी बंदच पडल्या."

स्विच म्हणजे अनेक संगणकांच्या तारा एकत्र जोडणारा डबा, आणि गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग. चांगला स्विच लावल्यावर लॅब बिघडते कशी, हे समजून घेण्यासाठी मी हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. अशा लॅब मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पैसे आधी डब्यावर खर्च होतात, तारेवर नाही.

आधी काय होतं, मग काय केलं गेलं

जुनी व्यवस्था अशी होती: प्रत्येक ओळीच्या टेबलाखाली ८ पोर्टचा (म्हणजे तार खोचायच्या ८ जागांचा) एक छोटा स्विच, १०० मेगाबिटचा. सहा संगणक त्याला जोडलेले, उरलेल्या पोर्टांतून पुढचा-मागचा स्विच. म्हणजे चार डबे एकामागून एक माळेसारखे. एकाचा अडॅप्टर सैल झाला की त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी बंद. नव्वदच्या दशकात ज्यांनी कोअ‍ॅक्सियल केबलची नेटवर्कं सांभाळली त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. एका संगणकामागचा 'टी' कनेक्टर हलला की सगळं ऑफिस बसायचं. १९९० मध्ये पिळाच्या जोड्यांवर चालणाऱ्या इथरनेटचं, म्हणजे संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीचं, मानक आलं आणि प्रत्येक संगणकाला मध्यापर्यंत स्वतंत्र तार मिळाली, ती याच त्रासातून सुटका करणारी होती. स्विचांची माळ लावली की तोच त्रास मागच्या दाराने परत येतो.

सुट्टीत विक्रेत्याच्या माणसांनी ही माळ काढली आणि २४ पोर्टचा गिगाबिट स्विच कोपऱ्यात लावून तिथून प्रत्येक संगणकाला नवी केबल ओढली. कल्पना अगदी योग्य होती. पण पुढच्या दोन ओळी चालल्या आणि मागच्या दोन ओळींत कुठे दिवा लागेना, कुठे लागून विझे. आधी संगणकांची लॅन कार्डं जुनी आहेत असं सांगितलं गेलं, चार कार्डं बदलली. मग स्विचच सदोष आहे म्हणून तोही बदलून झाला. शेवटी मागच्या बारा संगणकांचा वेग सेटिंगमधून १०० मेगाबिटवर बांधून ती माणसं निघून गेली.

मी गेलो तेव्हा सर ९वीच्या वर्गासाठी २ जीबीचा एक फोल्डर सगळ्या संगणकांवर पाठवत होते. दोन तास होऊन गेले होते आणि मागच्या ओळींत तो अजून अर्ध्यावर होता.

आठ दिवे हिरवे, तरी लाइन खोटी

पहिल्या भेटीत मीही साध्या टेस्टरवर विसंबलो. एक टोक इथे, एक टोक तिथे, १ ते ८ दिवे ओळीने लागतात, म्हणजे लाइन बरोबर. चोवीसच्या चोवीस लाइनी त्या टेस्टरने पास केल्या. मग लॅपटॉप जोडून मागच्या ओळीत वेग मोजला. १०० मेगाबिटची जोडणी असताना निरोगी लाइन ९४ च्या आसपास देते. इथे आकडा ३०-४० मध्ये घुटमळत होता आणि चुकीच्या फ्रेमची, म्हणजे बिघडून पोचलेल्या डेटाच्या तुकड्यांची, मोजणी डोळ्यांदेखत वाढत होती.

तेव्हा भिंतीवरची पट्टी उघडली आणि केबलच्या टोकाचा एक आरजे-४५ कनेक्टर उजेडात धरून पाहिला. पारदर्शक प्लास्टिकमधून रंग स्वच्छ दिसत होते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती नीट! प्रत्येक रंगाशेजारी त्याचा जोडीदार. दोन्ही टोकांना तोच क्रम, म्हणून टेस्टर खूश.

पण इथरनेटला हा क्रम चालत नाही. रूढ टी-५६८-बी पद्धतीत तिसऱ्या पिनेवर पांढरा-हिरवा, चौथ्यावर निळा, पाचव्यावर पांढरा-निळा आणि सहाव्यावर हिरवा असतो. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते. कारण १०० मेगाबिटचं इथरनेट एक सिग्नल १ आणि २ या पिनांवर नेतं आणि दुसरा ३ आणि ६ वर. ३ आणि ६ वरच्या तारा एकमेकींना पीळ दिलेल्याच असायला हव्यात. पिळामुळे बाहेरून आलेला त्रास दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक काढला की तो त्रास वजा होऊन जातो. या लॅबमध्ये तिसरी तार हिरव्या जोडीतली होती आणि सहावी निळ्या जोडीतली. दोघी अख्ख्या केबलभर वेगवेगळ्या पिळातून, परक्या जोडीदाराला बिलगून चालल्या होत्या. याला स्प्लिट पेअर म्हणतात. वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचते, म्हणून दिवा लागतो. सिग्नल मात्र शेजारच्या जोडीत गळत राहतो.

जवळच्या ओळींच्या लाइनी १० ते १५ मीटरच्या होत्या. तिथे येणारा सिग्नल अजून दणकट असतो, गळती सोसून निभावतं. मागच्या ओळींच्या लाइनी भिंतीच्या कडेने फिरून ३५-४० मीटर जात होत्या, तिथे सिग्नल क्षीण झाल्यावर तीच गळती भारी पडते. आणि जुन्या माळेत संगणकापासून टेबलाखालच्या स्विचपर्यंत कारखान्यात तयार झालेल्या छोट्या पॅच कॉर्ड होत्या, रंगक्रम बरोबर असलेल्या. म्हणून "आधी हळू चालायचं, पण चालायचं."

गिगाबिट स्विचने हे उघडं पाडलं, इतकंच. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात. १९९९ च्या मानकातलं गिगाबिट चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलतं, त्यामुळे त्याला गळती फार लवकर बाधते. दोन टोकं वेग ठरवण्यासाठी सुरुवातीला जी देवाणघेवाण करतात ती अगदी संथ असते, वाईट तारेवरूनही पार पडते. दोघं मिळून "गिगाबिट" ठरवतात, प्रत्यक्ष बोलायला लागतात आणि जमत नाही म्हणून जोडणी तुटते. पुन्हा ठरवतात, पुन्हा तुटते. लागणारा-विझणारा दिवा म्हणजे हेच.

तांब्याचा मुलामा

कनेक्टर बदलून भागेल अशी आशा होती. म्हणून एक लाइन नीट क्रिम्प करून, म्हणजे बरोबर क्रमाने तारा कनेक्टरमध्ये दाबून, पाहिली. वेग सुधारला, पण कनेक्टर क्रिम्पिंग टूलखाली दाबताना एक तार तुटली, दुसऱ्या लाइनीत परत तेच. तांब्याची तार अशी मोडत नाही. ब्लेडने तारेचा पृष्ठभाग खरवडला. वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आत चंदेरी रंग दिसला. अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए (कॉपर-क्लॅड अ‍ॅल्युमिनियम) म्हणतात. खोक्यावर ठळक अक्षरात कॅट ६ हा केबलचा दर्जा छापलेला होता.

खात्री करून घेण्याची सोपी रीत आहे आणि तिला साधा मल्टिमीटर पुरतो. एका टोकाला एकाच जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळायच्या आणि दुसऱ्या टोकाला त्या दोघींमधला रोध मोजायचा. मानकात एका तारेला १०० मीटरला ९.३८ ओहम ही कमाल मर्यादा आहे. ३८ मीटरची लाइन जाऊन-येऊन सात ओहमच्या आसपास थांबायला हवी. मीटर साडेदहाच्या जवळ होता. सीसीएचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो, त्याच्याशी हे जुळतं. खरेदी करतानाच ओळखायचं असेल तर ३०५ मीटरचं खोकं उचलून बघावं. अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा कितीतरी हलकं असतं; खोकं एका हाताने सहज उचललं गेलं तर तिथेच थांबावं.

याच केबलने शाळेचं आणखी एक कोडं सुटलं. फाटकावरचा कॅमेरा रोज अंधार पडला की बंद-चालू व्हायचा. शिपाईमामा म्हणायचे, "दिवसा बरा असतो, रात्री त्याला झोप येते." कॅमेऱ्याला त्याच केबलच्या मोकळ्या जोड्यांतून ऑफिसातून १२ व्होल्ट पुरवठा दिलेला होता, लांबी ८० मीटर. दिवसा कॅमेरा साधारण ३ वॉट घेतो, म्हणजे पाव अँपिअर. एवढ्या लांबीच्या सीसीए तारेत जाऊन-येऊन सुमारे ११ ओहम रोध धरला तर पावणेतीन व्होल्ट वाटेतच जातात, उरलेल्या सव्वानऊवर कॅमेरा कसाबसा तग धरतो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, गरज दुप्पट होते, घटही दुप्पट. साडेसहा व्होल्टवर कॅमेरा चालत नाही. मानक पीओईमध्ये, म्हणजे डेटाच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीत, हाच पुरवठा ४८ व्होल्टच्या आसपास जातो. तेवढ्याच वॉटला प्रवाह एक चतुर्थांश लागतो आणि तार शुद्ध तांब्याची असेल तर या अंतरावर एक व्होल्टही वाया जात नाही.

पोर्टांची बेरीज

दुसरी चूक स्विच निवडताना झालेली होती आणि ती कागदावर दोन मिनिटांत सापडली असती. विद्यार्थ्यांचे २४, सरांचा १, ऑफिसकडे जाणारी लाइन १. एकूण २६. स्विच २४ पोर्टचा. दोन पोर्ट कमी पडले म्हणून जुन्या माळेतला एक छोटा १०० मेगाबिटचा स्विच मध्ये टांगला होता आणि त्यालाच सरांचा संगणक जोडलेला होता.

हिशेब करून पाहा. २ जीबीचा फोल्डर २४ जणांना म्हणजे ४८ जीबी. हे सगळं सरांच्या एका पोर्टमधून बाहेर पडणार. १०० मेगाबिटला सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट, म्हणजे काहीही न चुकता ६४ मिनिटं. तोच पोर्ट गिगाबिट असता तर साडेसहा मिनिटं, बाकी डिस्क जेवढी साथ देईल तेवढं. लॅबमध्ये कुठला संगणक सगळ्यांना वाटप करतो हे आधी विचारावं आणि सर्वांत रुंद वाट त्याला द्यावी.

ग्रंथालयात तर कपाटावर धुळीत एक खरा हब सापडला. पुढच्या बाजूला 'कोल' असं लिहिलेला नारिंगी दिवा, म्हणजे कोलिजनचा, दोन संदेश एकमेकांवर आदळल्याचा. तीन संगणक एकदम काम करू लागले की तो दिवा थांबत नव्हता. हब आलेला प्रत्येक सिग्नल सगळ्या तारांवर उधळतो, त्यामुळे एका वेळी एकालाच बोलता येतं. स्विच कोणता संगणक कोणत्या पोर्टवर आहे हे लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्याला देतो. हबबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही. दिसला की काढावा.

काय निवडलं

संस्थेच्या बैठकीत एका सदस्यांनी विचारलं, "केबलची कटकटच नको, वाय-फाय का नाही लावत?" प्रश्न रास्त होता. पण एका चॅनेलवरची हवा सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. एकाच हॉलमध्ये २४ संगणक एकाच वेळी तीच फाइल मागणार, तेही कधी जागेवरून न हलणारे. जे फिरतं त्याला वाय-फाय, जे टेबलाला स्क्रूने बसवलंय त्याला तार, असं मी सांगितलं. मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षक खोलीसाठी वाय-फाय देणारा एक अ‍ॅक्सेस पॉइंट मागितला, तो दिला.

केबलमध्ये तीन पर्याय होते. कॅट ५ ई १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते आणि या लॅबची आजची गरज तेवढीच आहे. कॅट ६ ए १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट नेते, पण ती जाड आणि ताठ. दगडी भिंतीवरच्या अरुंद पट्टीत २५ केबली वळवताना नाकीनऊ आले असते. मधली कॅट ६ चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट नेऊ शकते आणि आमची सगळ्यांत लांब लाइन ४० मीटरची. पट्टी पुन्हा उघडायची वेळ येऊ नये म्हणून कॅट ६ घेतली, शुद्ध तांब्याची. बजेट आणखी आखडलं असतं तर मी बिनदिक्कत कॅट ५ ई सुचवली असती. मुलाम्याच्या कॅट ६ पेक्षा तांब्याची कॅट ५ ई कधीही चांगली.

दिवाळीच्या सुट्टीत काम केलं. भिंतीतली केबल अखंड तारेची, एका टोकाला स्विचशेजारी सगळ्या लाइनींच्या जॅकची पट्टी, म्हणजे पॅच पॅनेल, दुसऱ्या टोकाला भिंतीवरचा जॅक, म्हणजे आयओ बॉक्स. संगणकापर्यंत लवचिक पॅच कॉर्ड. खेच आणि हिसके सगळे त्या कॉर्डला बसतात, भिंतीतली तार शांत राहते. ९० मीटर भिंतीत आणि १० मीटर कॉर्डमध्ये, असं १०० मीटरचं गणित असतं ते याचसाठी. पंचिंग करताना, म्हणजे तारा जॅकमध्ये दाबून बसवताना, पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही, हे माझ्या सहकाऱ्याला मी प्रत्येक जॅकवर आठवण करून देत होतो. ट्यूबलाइटची वायर आधी त्याच पट्टीत कोंबलेली होती. वीज आणि डेटा एका पट्टीत ठेवणं धोक्याचं आहे, ती वेगळी काढली.

स्विचचं काय? विक्रेत्याने बसवलेला २४ पोर्टचा स्विच निर्दोष होता, तो तसाच ठेवला. त्याच्या जोडीला दुसरा २४ पोर्टचा घेतला, सेटिंग करता येणारा आणि फायबरची खाच असलेला. बारा-बारा संगणक वाटून दिले. दोन स्विचमधली एकच गिगाबिट तार अडथळा होईल का, असं सरांनी विचारलं. नाही होत, कारण वाटप करणारा संगणक मुळात एक गिगाबिटच बाहेर टाकतो. सेटिंगवाल्या स्विचचा उपयोग जानेवारीत दिसला. कुणीतरी झाडलोट करताना मोकळी पॅच कॉर्ड दोन्ही टोकांनी शेजारशेजारच्या आयओ बॉक्समध्ये खोचली. साध्या स्विचवर असा फेरा झाला की एकच संदेश गोल गोल फिरत वाढत जातो आणि सगळं नेटवर्क गुदमरतं. इथे स्विचने तो पोर्ट बंद केला आणि लॅब चालू राहिली.

मैदान

सगळ्यांत जास्त विचार मी मैदानावर केला. दोन इमारतींमधली जुनी तांब्याची केबल ११८ मीटर होती, मर्यादेबाहेर. म्हणून मधोमध पाण्याच्या टाकीखाली प्लास्टिकच्या डब्यात एक छोटा स्विच ठेवलेला. मे महिन्यात वळवाचा पाऊस विजांसकट येतो आणि सलग दोन वर्षं त्या लाइनीने दोन्ही टोकांचे पोर्ट जाळले होते. जवळपास वीज पडली तरी अशा लांब तारेत दाब उसळतो. शिवाय दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असली की तांब्याची तार त्यांच्यातल्या फरकाचा रस्ता बनते. इथे तांबं नकोच होतं. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही.

फायबरचे दोन प्रकार: कमी अंतरासाठी मल्टिमोड आणि लांब अंतरासाठी सिंगल मोड. अंतर इतकं कमी की मल्टिमोडही चाललं असतं. मी सिंगल मोड घेतलं, त्याचं कारण गावातच होतं. घरोघरी फायबर इंटरनेट देणारी मुलं रोज सिंगल मोडच जोडतात. उद्या खणताना केबल तुटली तर धागे जोडण्याचं स्प्लायसिंगचं मशीन घेऊन कुणीतरी तासाभरात येईल. मल्टिमोडसाठी पुण्याहून माणूस बोलवावा लागला असता. पोलादी कवचाची केबल मात्र टाळली. विजेपासून बचावासाठी फायबर घ्यायचं आणि त्याच्यासोबत धातू पुरायचा हे मला पटेना. मग घुशींचं काय? त्यासाठी केबल जाड एचडीपीई पाइपातून नेली आणि पाइप दोन फूट खाली पुरला. दोन धागे पुरतात, पण सहा धाग्यांची केबल टाकली, कारण चर खणण्याची मजुरी सहालाही तेवढीच. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचा सिग्नल तांब्याच्या तारेवर आणणारा वेगळा डबा) न ठेवता प्रकाशाचं मॉड्यूल थेट स्विचच्या खाचेत बसवलं. एक डबा आणि एक तापणारा अडॅप्टर कमी झाला.

काम झाल्यावर प्रत्येक लाइन त्या आठ दिव्यांच्या टेस्टरवर न सोडता, वेग मोजून आणि चुकांची मोजणी शून्यावर थांबलेली पाहून सरांना सोपवली. मागच्या ओळीतला शेवटचा संगणक ९४० मेगाबिटपर्यंत गेला. सरांचा २ जीबीचा फोल्डर आता तासिकेच्या सुरुवातीला लावला की हजेरी होईपर्यंत बहुतेक ठिकाणी पोचलेला असतो.

कनेक्टरचे काही जुने तुकडे आणि मुलाम्याच्या केबलचं दोन मीटरचं वेटोळं सरांनी मागून घेतलं. ९वीच्या प्रात्यक्षिकात मुलं ब्लेडने तार खरवडून बघतात आणि मल्टिमीटर लावून दोन केबलींचे आकडे वहीत लिहितात. पुढच्या वर्षी विज्ञान प्रयोगशाळेला दोन पॉइंट हवे आहेत. ती खोली नव्या इमारतीच्या मागच्या टोकाला आहे, त्यामुळे मैदानाखालच्या पाइपात मी एक नायलॉनची दोरी ओवून ठेवली आहे. दोन्ही टोकांना ती खिळ्याला बांधलेली आहे आणि शिपाईमामांना ती सोडू नका म्हणून सांगितलंय.